वास त्यांचा, नाक आपलं!

ऑफिसच्या पॅन्ट्रीत कुणी सुक्या बोंबलाचा डबा उघडला, की पुढची पाच मिनिटं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणी नाक दाबतं, कुणी खिडकी शोधतं, कुणी ‘कोण रे तो?’ म्हणून ओरडतं. आणि मुंबईत भाड्याचं घर बघताना ‘नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नापाशी अडलेली मराठी माणसं तर तुमच्याही ओळखीत असतीलच. त्या सगळ्यांनी एक सिनेमा आवर्जून बघावा. नाव ‘अखुनी’. (स्पेलिंग वाचून आपण त्याला ‘ॲक्सोन’ म्हणतो, गंमत तिथूनच सुरू होते!)

अखुनी म्हणजे नागालँडमधलं आंबवलेलं सोयाबीन. चव भन्नाट आणि वास त्याहून जबरी. निकोलस खारकोंगोरचा हा सिनेमा २०१९ मध्ये लंडनच्या फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला आणि २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. स्टोरी एका दिवसाची. दिल्लीत राहणाऱ्या नॉर्थ-ईस्टच्या मित्रमैत्रिणींना मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून पोर्क शिजवायचंय. बस्स, एवढंच! पण शिजवायचं कुठे? घरमालकीण ओरडणार, शेजारी भांडणार. स्वयंपाकासाठी जागा शोधता शोधता सगळ्यांची दमछाक होते आणि आपण हसतो. मग एक टपोरी चानबीला घाणेरडं बोलतो, ती जाब विचारते आणि तो भर रस्त्यात तिच्या कानाखाली वाजवतो. बघे नुसते बघत राहतात. आपलं हसू तिथंच थांबतं.

मी हा सिनेमा पुण्यात, माझ्या कोहिमाच्या एका मैत्रिणीबरोबर पाहिला. ती खराडीत आयटी कंपनीत आहे. थपडेच्या सीनला मी हादरले, ती शांत होती. ती चिडली ती शिववर. शिव हा जाम हेल्पफुल, गोड पोरगा. त्याला फक्त एक नॉर्थ-ईस्टची गर्लफ्रेंड हवी असते. कोणतीही चालेल! ‘‘शिवी देणारा निदान ओळखू तरी येतो गं,’’ ती म्हणाली, ‘‘हा तर आपला मित्र असतो. त्याला काय बोलणार?’’ आम्ही दोघी मिळून फ्लॅट शोधत होतो, तेव्हा ब्रोकरनं मला विचारलं होतं, लग्न कधी करणार? तिला विचारलं, पासपोर्ट आहे का?

ब्रोकरला तरी का दोष द्यायचा? त्यानंही हिंदी सिनेमेच बघितलेत ना! सिक्कीमचा त्शेरिंग फिंत्सो आपल्या पुण्यातच, एफटीआयआयमध्ये शिकला. नाव म्हणायला अवघड, म्हणून बॅचमेट जया भादुरीनं सुचवलं ‘डॅनी’. पुढे नाव, पैसा सगळं मिळालं. पण १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्याच्या व्हिलनचं नाव काय? कांचा चीना! २००७ च्या ‘चक दे इंडिया’नं निदान प्रश्न तरी विचारला. कॅम्पमध्ये नाव नोंदवायला आलेल्या मणिपूर आणि मिझोरमच्या मुलींना तिथला माणूस ‘पाहुण्या’ ठरवतो आणि त्या तिथल्या तिथे त्याला सुनावतात. पण २०१४ मध्ये मेरी कोमवर सिनेमा निघाला तेव्हा मेरी झाली प्रियांका चोप्रा. मणिपूरचीच लिन लैशराम त्यात छोट्या रोलमध्ये होती. तीच पुढे ‘अखुनी’ची चानबी झाली.

चानबीचा बॉयफ्रेंड बेंदांग घाबरलेला असतो, कारण रंगवलेल्या केसांवरून त्याला आधी बेदम मार पडलेला असतो. हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांची टिंगल झाली. भांडण पेटलं, त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. आपल्याकडचंही विसरू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये नुसत्या एसएमएसच्या अफवांवर नॉर्थ-ईस्टची हजारो माणसं बंगळुरू, पुणे सोडून ट्रेननं घरी पळाली. २०२० मध्ये याच मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या.

‘अखुनी’ची खासियत म्हणजे तो कुणालाच सोडत नाही. नेपाळी उपासनाला तिचेच मित्र ‘तू आमच्यातली नाहीस’ असं जाणवून देतात. ग्रुपमधलाच एक जण संतापून शिवला ‘इंडियन’ अशी शिवी हासडतो. आणि हो, उपासनाचा रोल केलाय कोलकात्याच्या सयानी गुप्तानं, त्यावरूनही बरीच टीका झाली. रास्त टीका!

मैत्रिणीला विचारलं, मग तुला कसला सिनेमा हवाय? तिला आता मार खाणारी, मेडल जिंकणारी किंवा मोमो विकणारी मुलगी नकोय म्हणे. तिला सिनेमात बघायचीय हिंजवडीतली एक खडूस बॉस. इम्फाळची. जी अप्रेझलमध्ये सगळ्या टीमला रडवते, शुक्रवारी तिच्यावर सगळे वैतागतात आणि पूर्ण अडीच तासांत तिला एकदाही कुणी विचारत नाही, ‘‘मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?’’