शाळेसाठी घर सोडावे काय?

रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघाले, की वाटेत आरे लागते, मग वारे. दोन गावे, दोन पुळणी. सुट्टीतले पाहुणे इथे गाडी थांबवतात, समुद्र पाहतात आणि म्हणतात, "इथं राहणारे किती सुखी!" इथे राहणाऱ्याला मात्र मे महिन्यात दुसरीच काळजी असते. पोर सहा वर्षांचे झाले. त्याला वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे, की रत्नागिरीत खोली घेऊन तिथल्या खासगी शाळेत?

असा पेच कोकणात गावोगाव पडतो. आई मुलांना घेऊन शहरात बिऱ्हाड करते. बाप कलमांपाशी नाहीतर होडीपाशी राहतो. म्हातारी माणसे घराची राखण करतात. एका घराच्या दोन चुली होतात, आणि तेही पोर पहिलीत असताना. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

"सरकारी शाळा बरी की खासगी?" असे लोक आम्हाला विचारतात. आम्ही उलट विचारतो, "कुठली सरकारी आणि कुठली खासगी?" कारण खासगी हा शब्द फसवा आहे. त्यात निरनिराळ्या शाळा येतात.

पहिली, अनुदानित शाळा. ती एखादी संस्था चालवते, पण मास्तरांचा पगार सरकार देते. कोकणातली बरीचशी जुनी हायस्कुले अशीच आहेत. गावच्या माणसांनी जागा दिली, मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी जमवली, मंडळ काढले, आणि पुढे सरकारचे अनुदान आले. अशा शाळेत आठवीपर्यंत सरकारचा पोषण आहार मिळतो. पुष्कळ लोक तिला सरकारीच समजतात. दुसरी, विनाअनुदानित शाळा. हिचा सगळा खर्च पालकांच्या फीतून निघतो. २०१२ च्या कायद्याने 'स्वयंअर्थसहाय्यित' शाळा आल्या, त्याही याच जातीच्या. आज घरात 'खासगी शाळा' म्हणतात तेव्हा बहुधा हिचीच गोष्ट चाललेली असते. इंग्रजी माध्यम, टाय-बूट आणि दारात पिवळी गाडी.

याखेरीज एक शाळा अशी असते, की तिला सरकारची मान्यताच नसते. तिच्यापासून दूर राहा. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यापुढे दर दिवशी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, असे शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. म्हणून शाळेत गेलात, की पहिल्यांदा मान्यतेचा कागद मागा. लाजायचे कारण नाही. पैसे तुमचे आणि पोर तुमचे.

आता थोडे मागे वळून पाहू. शाळेसाठी घर सोडणे हे या जिल्ह्याला नवे नाही. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ च्या सुमारास चालत साताऱ्याला गेले. पावसाचे दिवस होते. मधे सह्याद्रीचा घाट होता. तिथे पोचल्यावर साहेबाने सांगितले, "तुझे वय कमी दिसते," आणि परत पाठवले. हेच कर्वे पुढे महर्षी झाले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी १९३६ साली मंडळ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. सरकार पोचले नव्हते, तिथे खासगी माणूस पोचला.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ सातारा सोडून मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळला चाळीतल्या एका खोलीत राहिले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. ते हायस्कूल सरकारी होते. म्हणजे घर सोडले ते सरकारी शाळेपर्यंत पोचण्यासाठी! त्या वेळी गावात शाळा नव्हती किंवा असली तरी सगळ्यांना आत बसू देत नव्हती. आज वाडीवाडीत शाळा झाल्या, आणि आपण उलट दिशेने पळतो आहोत.

पळतो ते उगाच नाही. वाडीवरच्या शाळेची दुखणी आम्हाला ठाऊक आहेत. पट कमी असतो. कायदा म्हणतो, की प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दोघांनी मिळून सगळे वर्ग सांभाळायचे. गुरुजी पहिलीला अक्षरे गिरवायला देतात, तोवर चौथी गणिते सोडवते. गुरुजी चांगले असले तर हे छान चालते. मोठी मुले लहानांना शिकवतात. पण त्यातला एक बदलून गेला आणि जागा भरली नाही, दुसरा बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, म्हणजे शाळा नुसती उघडी असते. असे महिनोन् महिने चालले, तर आईबापाचा जीव उडतो. त्याला कोण नावे ठेवील?

पण बिऱ्हाड हलवण्याआधी, तिकडे जास्त मिळणार आहे ते काय, हे पाहायला हवे. आंध्र प्रदेशात २००८ ते २०१२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. खेड्यांतल्या सरकारी शाळांतली मुले घेतली, चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची खासगी शाळेची फी भरली. बाकीची जिथल्या तिथे राहिली. चार वर्षांनी दोघांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणित या विषयांत फरक दिसला नाही. हिंदीत खासगीतली मुले पुढे होती, कारण तिथे हिंदीला बराच वेळ दिला जात होता. तिथल्या खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळेपेक्षा पुष्कळ कमी होता, हेही सांगितले पाहिजे. थोड्या पैशांत त्यांनी तेवढेच शिकवले. पण पालकाला वाटते, की पोर खासगीत गेले म्हणजे दुप्पट शिकेल, ते काही झाले नाही.

मग फरक कशाने दिसतो? खासगीत येणारी बरीच मुले मुळात शिकलेल्या, कमावत्या घरांतली असतात. ती पुढे जातात, आणि श्रेय पाटीवरच्या नावाला मिळते.

आता इंग्रजीचे बघू. "इंग्रजी आलं नाही, तर पोराला नोकरी कोण देईल?" हे खरेच आहे. इंग्रजी आलेच पाहिजे. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणे वेगळे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. पुढे पुष्कळ शाळांत 'सेमी इंग्रजी' असते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत.

इथे आम्ही खास तुमच्याशी बोलतो आहोत. तुम्ही हे पान वाचता आहात. म्हणजे तुमच्या मुलीचे बालभारतीचे पुस्तकही तुम्ही वाचू शकता. संध्याकाळी तिला जवळ बसवा. न शिकवलेला धडा उघडा आणि म्हणा, "हे वाच बघू." ती अडखळते कुठे, अंदाजाने बोलते कुठे, हे तुम्हाला तत्काळ कळेल. हातच्याची वजाबाकी द्या. उत्तर बरोबर की चूक, तुम्ही सांगाल. पुस्तक इंग्रजी असले, तर घरात हे कोण पाहणार? मूल पाठ केलेले घडाघडा म्हणते, आपण खूश होतो, आणि त्याला त्यातले काय समजले ते कुणालाच कळत नाही. मग शिकवणी लागते. आईच्या हातात असलेली एक मोठी गोष्ट आई स्वतः होऊन सोडून देते. आमच्या मते हा तोटा फीपेक्षा मोठा आहे.

फीचा हिशेबही करूच. कागद घ्या. समजा, शहरात खोलीचे भाडे महिना ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००. शाळेची फी २०,०००. रिक्षा महिना ८००, दहा महिन्यांचे ८,०००. शिकवणी महिना ५००, तिचे ५,०००. वह्या, पुस्तके, गणवेश, बूट मिळून ५,०००. बेरीज ८६,००० रुपये. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला. त्यात दुसऱ्या चुलीचा गॅस धरा, विजेचे बिल धरा. घरचा तांदूळ असताना विकत आणलेली भाजी-मासळी धरा. आणि एक खर्च कागदावर येतच नाही. आंबा काढायचा तो मार्च ते मे. नेमकी तेव्हाच मुलांची परीक्षा. घरची बाई शहरात, म्हणून मजुरी देऊन माणूस लावावा लागतो.

एक नवरा-बायको असा हिशेब मांडून बसली आहेत असे समजा.

"अहो, पण सगळी जातायत. आपलंच पोर मागं राहील."

"अगं, सगळी म्हणजे किती? मोज तरी."

मोजणे बरे असते. कधी दहा घरे गेलेली असतात, कधी दोनच, पण ती दोन मोठी असतात म्हणून साऱ्या गावाला तसे वाटते.

'पंचवीस टक्के'चे नाव तुमच्या कानावर आलेच असेल. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात असे आहे, की विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना फुकट द्याव्यात. निवड चिठ्ठ्या टाकून होते. पण इथे तुम्ही राहता कुठे हे पाहिले जाते. आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली मुले, मग तीन किलोमीटरपर्यंतची. आरे-वाऱ्याहून रत्नागिरी शहर दहा किलोमीटरांहून लांब. म्हणजे शहरातली अशी जागा हवी असेल, तर शहरात राहत असल्याचा पुरावा लागतो. भाड्याची खोली असेल, तर भाडेकरार नोंदवलेला हवा. आणि चिठ्ठी निघेलच असे नाही. आधी सामान हलवायचे आणि मग नशीब पाहायचे, हा जुगार आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला यातून सूट द्यावी, असा नियम महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे हक्क कायम आहे.

इंग्लंडमध्ये निराळीच तऱ्हा. तिथे सरकारी शाळेत जवळ राहणाऱ्या मुलाला सहसा आधी घेतात. म्हणून चांगल्या सरकारी शाळेजवळ घर घ्यायला लोक धडपडतात आणि तिथल्या घरांचे भाव चढतात. सरकारी शाळेसाठी घर बदलणारे लोक अजूनही जगात आहेत.

राहायचे की जायचे, एवढे दोनच रस्ते नाहीत. वाडीवरच्या शाळेत प्राथमिक वर्ग पुरे करायचे आणि पुढे एसटीने हायस्कुलात जायचे, हा तिसरा रस्ता. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. मुलांनाही पास सवलतीत मिळतो. अट एवढीच, की गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळली पाहिजे. ती जुळत नसेल, तर दहा पालकांनी सह्या करून आगारप्रमुखांना अर्ज द्यावा. शिवाय नवोदय विद्यालय आहे. आपल्या जिल्ह्याचे राजापूर तालुक्यात आहे. पाचवीत परीक्षा होते, सहावीपासून राहणे-जेवणे-शिकणे फुकट. त्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. चौथीत पोराला शहरात नेले, म्हणजे ही वाट बंद होते. हे आधी कुणी सांगत नाही.

एका मुलाला काढले, की वाडीच्या शाळेचा पट एकने घटतो. तो अमुकपेक्षा खाली गेला की शिक्षकाची जागा जाते. २०२३ साली तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. शाळा लांब गेली, तर पहिलीतले पोर घाटी चढून रोज कसे जाणार? ज्यांना बिऱ्हाड परवडत नाही, त्यांची मुले मागे राहतात. म्हणून जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, पण त्याने जाण्यापूर्वी निदान एकदा आहे ती शाळा सुधारते का, हे पाहावे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. गुरुजींची जागा रिकामी असेल, तर समितीने ठराव करून तो पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. पोच मिळाली नाही, तर अर्ज दिलाच नाही असे समजतात. विनाअनुदानित शाळेला अशी समिती असण्याचे बंधन नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो.

शाळा पाहायला जाल, तर स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी जा. किती शिक्षक हजर आहेत, मोजा. त्यांचे डी.एड. झाले आहे का, विचारा. मुलांच्या वह्या उघडा. गुरुजींनी चूक दाखवून ती सुधारून घेतली आहे, की नुसती बरोबरची खूण केली आहे? पाणी आणि मुलींची मुतारी पाहा. जिल्हा परिषदेच्या आणि खासगी, दोन्ही शाळा अशाच पाहा.

सगळे पाहून तुम्ही जायचे ठरवले आणि वर्षभरात जमले नाही, तर परत येता येते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा मुलाचा हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो. फी थकली म्हणून एखादी शाळा दाखला अडकवून ठेवते. तसे झाले तरी घाबरू नका. दाखला आला नाही एवढ्यावरून वाडीच्या शाळेला मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष मधेच असले तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे लागते.