मध्यप्रांतातील निवडणुका आणि पक्षनिष्ठा

जबलपूरच्या छावणीतील सदर बाजार हा नर्मदेच्या खोऱ्यातील हिंदी मुलखाचा भाग. परंतु १९५६ पर्यंत त्या मुलखाचा राज्यकारभार चाले तो नागपूर या मराठी नगरातून. मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाने इंग्रजांनी दोन भाषांचे लोक एका दाव्याला बांधले होते. त्या प्रांतातील पक्षांचे राजकारण समजून घ्यावयाचे, तर ही गाठ प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षणासारखी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आणि तिजोरी व पोलीस गव्हर्नराच्या हाती, अशी ती वाटणी होती. १९२३ च्या निवडणुकीत या प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला निर्भेळ बहुमत मिळाले. पक्षाने मंत्रिपदे नाकारली आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये ठरवून तो कारभारच अडवून धरला. पण १९२५ साली त्याच पक्षाचे अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू संतापले, तर केळकर, जयकर, मुंजे यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला आणि पक्ष दुभंगला.

खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. १९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांपैकी सुमारे ७० जागा काँग्रेसने जिंकल्या. मात्र या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. महाकोशलाचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे त्यांचे सहकारी. पण मने जुळली नाहीत. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे व देशमुख या मराठी मंत्र्यांनी त्यांचे अनुकरण केले, महाकोशलाच्या तिघांनी नाकारले. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. ते काही दिवसही टिकले नाही. पक्षश्रेष्ठींनी खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावयास लावला आणि शुक्ल नेते झाले. खऱ्यांनी उतावीळपणा केला हे खरे. तथापि मुख्य प्रधानाला आपले सहकारी निवडण्याचा अधिकार नसावा काय, हा त्यांचा प्रश्न निराधार नव्हता. मराठी मुलखात तो भाषेच्या अपमानासारखा झोंबला.

कॅनडाचे उदाहरण येथे बोधक ठरेल. तेथे १८६७ पासून प्रांतांना स्वतःची विधिमंडळे आहेत आणि मध्यवर्ती पक्षांना न जुमानणारे प्रांतिक पक्षही तेथे उभे राहतात. आल्बर्टा प्रांतात १९३५ साली विल्यम आबरहार्ट यांच्या सोशल क्रेडिट या अगदी नव्या पक्षाने ६३ पैकी ५६ जागा घेऊन शेतकऱ्यांचे सरकार पार उलथून टाकले. त्या मुख्य प्रधानाला जाब विचारणारे ओटावात कोणी नव्हते. मध्यप्रांतात मात्र पक्ष स्वातंत्र्याचा लढा लढत होता आणि मंत्रिमंडळ हे त्या लढ्यातील एक ठाणे होते. ठाणेदाराने सेनापतीचे ऐकावे, की ज्या रयतेने निवडून दिले तिचे, हा पेच कॅनडात या स्वरूपात पडलाच नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १९३९ मध्ये, जबलपूरजवळ त्रिपुरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. मतांनी निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तेथे आजारी अवस्थेत आले आणि कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुरूप नेमावी असा पंतांचा ठराव संमत झाला. नागपुरातील वादाचेच हे मोठे रूप होते, असे म्हणता येईल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ती जुनी गाठ सुटली. आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्याला आले. मध्यप्रदेशाच्या विधानसभेत आज जबलपूर छावणीच्या नावाचा एक मतदारसंघ आहे.