आर्थिक वाढ आणि पर्यावरणाच्या मर्यादा : नंदुरबार जिल्ह्यातील सरदार सरोवराचा अनुभव

आर्थिक वाढ पर्यावरणाच्या मर्यादेत राहून साधता येईल काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा जागतिक पातळीवर होते. तिची कसोटी मात्र विशिष्ट भूभागावरच लागते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत ती सरदार सरोवर प्रकल्पाच्या निमित्ताने लागली.

नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्याने प्रकल्पाच्या विजेतील 27 टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. त्यापोटी राज्यातील 33 गावे बुडीत क्षेत्रात आली. त्यांतील शेतजमीन सुमारे दीड हजार हेक्टर, तर वनजमीन जवळपास साडेसहा हजार हेक्टर होती. मोह, चारोळी, तेंदूपाने, जळण, चारा यांवर भिल्ल व पावरा कुटुंबांचा बराचसा निर्वाह बाजारात न जाताच होत असे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या निर्वाहाची नोंद मुळातच अपुरी होती. त्यामुळे तो नाहीसा झाल्याची नोंदही तेथे उमटली नाही. धरणाचे बांधकाम आणि वीज मात्र उत्पन्नातील भर म्हणून धरली गेली.

पुनर्वसनाचा अनुभव याहून अधिक बोलका आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन, हे लवादाचे तत्त्व न्याय्य होते. पण ती आणायची कोठून? 1990 मध्ये तळोदा येथील 2,700 हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी करण्यात आली. तेथेही काही आदिवासी कुटुंबे आधीपासून जमीन कसत होती. अर्थात, एका जंगलाच्या हानीची भरपाई दुसऱ्या जंगलातून झाली. भांडवल वाढविता येते, भूमी वाढविता येत नाही. मर्यादा म्हणतात ती हीच.

जागतिक बँकेने या धरणासाठी 1985 मध्ये कर्ज मंजूर केले आणि 1993 मध्ये ते थांबले. याच बँकेत 1988 ते 1994 या काळात काम केलेले अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली यांनी ‘वाढ’ म्हणजे भौतिक आकारमानातील भर आणि ‘विकास’ म्हणजे गुणात्मक सुधारणा, असा भेद केला. मराठीत दोन्ही शब्द आहेत. शासकीय भाषेत मात्र दोहोंसाठी ‘विकास’च चालतो. डेली यांच्या अर्थाने विकासाला मर्यादेचा अडसर नाही, वाढीला आहे.

सातपुड्यात यास वाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनसंसाधनांच्या संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. मोहाची साठवणूक, चारोळीवरील प्रक्रिया यांतून वनक्षेत्र न घटविता उत्पन्न वाढू शकते. परंतु जंगल दरवर्षी जितके पुन्हा देते, तितकेच.