हीम आणि भोपाळचं तांबडं रक्त

डिसेंबर 1984 च्या पहिल्या आठवड्यात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात प्रेतांची रीघ थांबत नव्हती. 2 तारखेच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं होतं. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हीरेश चंद्र एकामागून एक शवविच्छेदन करत होते. गुदमरून गेलेल्या माणसाचं रक्त काळपट असायला हवं. इथं ते लालभडक दिसत होतं. त्यांना सायनाइडची शंका आली. त्या शंकेवरून पुढं वर्षानुवर्षं वाद झडला. तो वाद कळायचा असेल तर आधी हीम नावाच्या एका चिमुकल्या रेणूशी ओळख करून घ्यावी लागते.

हीम म्हणजे एक चपटं कडं आणि त्याच्या मधोमध लोहाचा एकच अणू. या लोहाला सहा हात आहेत असं समजा. चार कड्यातच गुंतलेले, पाचवा प्रथिनानं धरलेला, सहावा मोकळा. सगळी करामत या सहाव्या हाताची. हिमोग्लोबिनमध्ये तो प्राणवायू धरतो आणि सोडतो. पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये, तोच हात प्राणवायूचं पाणी करण्याच्या कामी येतो आणि त्यातूनच पेशीला ऊर्जा मिळते. मात्र कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड यांनाही हाच हात सापडतो.

हे कडं शरीर स्वतः घडवतं, तेही अगदी साध्या मालातून. न्यूयॉर्कच्या डेव्हिड शेमिन यांनी 1945 च्या सुमारास जड नायट्रोजन असलेलं 66 ग्रॅम ग्लायसिन स्वतःच खाल्लं आणि मग महिनोन्‌महिने स्वतःचं रक्त तपासलं. तो नायट्रोजन हीममध्ये उतरला होता. शिवाय तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, हेही त्याच प्रयोगातून कळलं.

हीम घडवण्याच्या एकूण पायऱ्या आठ. पहिली मायटोकॉन्ड्रियाच्या आत, पुढच्या चार बाहेर पेशीद्रवात, शेवटच्या तीन पुन्हा मायटोकॉन्ड्रियात. अगदी शेवटी फेरोकेलाटेज हे विकर कड्यात लोह बसवतं. शिशाची विषबाधा झाली की यातली दुसरी आणि शेवटची पायरी अडते, म्हणून तशा रोग्याला पंडुरोग होतो.

एवढी यातायात करून बनवलेला माल पेशी मोकळा मात्र सोडत नाही, कारण सुटं हीम पेशीची आवरणं जाळतं. म्हणून उत्पादनावर कडक पहारा असतो. यकृतात हीम पुरेसं झालं की ते स्वतःच पहिल्या पायरीचं विकर थांबवतं. अस्थिमज्जेत तऱ्हा वेगळी. तिथं हाताशी लोह किती आहे यावर पहिली पायरी ठरते, आणि हीम कमी पडलं तर हिमोग्लोबिनचं प्रथिन, म्हणजे ग्लोबिन, बनवणंच बंद ठेवलं जातं.

पेशीतल्या पेशीत हीमची ने-आण कोण करतं, हे मात्र फार उशिरा उलगडू लागलं. उत्तराचा एक धागा सापडला तो मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत. या कृमीला हीम बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. मेरीलँडमध्ये इक्बाल हमजा यांच्या गटानं 2008 मध्ये त्याच्यातच हीमचा वाहक ओळखला. माणसातही तो आहे. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी त्याच्याच मदतीनं आतलं हीम बाहेर काढतात.

पुढं त्याचं काय होतं ते प्रत्येकानं स्वतःच्या अंगावर पाहिलेलं आहे. गुडघ्याला मुका मार लागला की जागा काळीनिळी होते, मग हिरवट, मग पिवळी. हीम ऑक्सिजनेज हे विकर कडं तोडतं. त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन बनतं. लोह परत वापरलं जातं, आणि किंचितसा कार्बन मोनॉक्साइड आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो.

आता पुन्हा भोपाळ. सायनाइड पेशीतल्या हीमला चिकटलं की रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. न वापरलेला प्राणवायू तसाच परत फिरतो, म्हणून शिरांतलं रक्तही लाल राहतं. त्यावरचा उतारा सोडियम थायोसल्फेट. शरीरातलं एक विकर त्यातला गंधक घेऊन सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 1985 च्या सुरुवातीला ही इंजेक्शनं रुग्णांवर तपासली, तेव्हा लघवीतलं थायोसायनेट वाढलेलं आढळलं. परिषदेचे विकृतिशास्त्रज्ञ एस. श्रीरामाचारी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मिथाइल आयसोसायनेट हिमोग्लोबिनच्या प्रथिनसाखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनला जाऊन चिकटलं होतं. म्हणजे घाव हीमवर होता की हीम सांभाळणाऱ्या प्रथिनावर, की दोन्हींवर, हा प्रश्न खरा होता. कुणाच्या मनाचा खेळ नव्हता.

तरीही ज्या उपचाराचा परिणाम लघवीच्या तपासणीत मोजता येत होता, तो वादात अडकला आणि बहुसंख्य गॅसपीडितांपर्यंत पोहोचलाच नाही. याचं खापर शास्त्राच्या अज्ञानावर फोडता येणार नाही.