मधुमेही डोळ्याचे इंजेक्शन : इसार, सौदा नव्हे



पांढुर्णा व सौंसर येथील आम्हा व्यापाऱ्यांचा दिवस गादीवर बसून जातो आणि मधुमेह आता आपल्या घरांत नवखा राहिलेला नाही. तो डोळ्यांपर्यंत पोहोचला म्हणजे नागपूरच्या नेत्रतज्ज्ञांकडे धाव घ्यावी लागते. तेथे ‘आधी इंजेक्शन, मग शस्त्रक्रिया’ असे ऐकून पुष्कळजण गोंधळतात. यास्तव या दोहोंचा संबंध येथे मांडीत आहोत.

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्तावाचून उपाशी राहिलेला पडदा ‘व्हीईजीएफ’ नामक द्रव्य सोडतो व त्यायोगे नव्या वाहिन्या उगवतात. परंतु त्या अति नाजूक असल्याने फुटतात व डोळ्यात रक्त उतरते. त्यांच्यासवे वाढणारे चिवट पापुद्रे पडद्यास ओढून जागेवरून सोडवितात. हे रक्त व पापुद्रे काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे व्हिट्रेक्टॉमी होय.

शस्त्रक्रियेत या वाहिन्यांतून रक्तस्राव होऊन तज्ज्ञांचे काम अवघड होते. म्हणून आधी बेव्हॅसिझुमॅबसारखे औषध डोळ्यात टोचतात. २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेले हे औषध पुढे नेत्रतज्ज्ञही वापरू लागले. डोळा बधिर करून, पांढऱ्या भागातून ते देतात. काही दिवसांतच नव्या वाहिन्या सुकतात व शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी होतो.

तथापि खरी गोम पुढेच आहे. वाहिन्या सुकताना पापुद्रेही आवळतात आणि पडद्यावरील ताण वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया बहुधा आठवड्याच्या आतच करतात; नेमका दिवस तज्ज्ञ ठरवितात. ‘गव्हाची आवक संपू द्या, मग पाहू’ असे म्हणणे येथे घातक ठरते. इंजेक्शन हा केवळ इसार आहे. मुदतीत माल उचलला नाही तर नुकसान आपलेच. हंगामाची अडचण असेल तर ती इंजेक्शनापूर्वीच सांगावी.

पूर्वी हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असल्यास तो लपवू नये. उपवास वा चौविहार पाळणाऱ्यांनी साखरेच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांस विचाराव्यात. इंजेक्शनानंतर डोळा दुखू लागला, लाल झाला वा दृष्टी मंदावली, तर त्याच दिवशी दाखवावे.

आणि दिसते चांगले तोवरच, मधुमेहींनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. दिवाळीस वह्यांचा हिशेब पाहणाऱ्या आपणांस एवढा नेम कठीण नाही.