तापल्या बीटलवर पाणी मारायचं, पण कुठे?

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीला रेडिएटर नाही. १९३०च्या दशकात फर्डिनंड पोर्श यांनी ती आखली, तेव्हा ती घेणाऱ्या सामान्य जर्मन माणसाकडे गॅरेज नसणार आणि गाडी रात्रभर बर्फात उभी राहणार, हे धरूनच चालले होते. इंजिनात पाणीच नसेल तर ते गोठायचं नाही, उकळायचं नाही की गळायचं नाही. म्हणून बुलेटच्या इंजिनाला असतात तशा फिन्स सिलिंडरभोवती दिल्या आणि त्यांच्यावर वारा घालायला एक दणकट पंखा बसवला. ही रचना अशी चिवट निघाली की या घडणीची शेवटची बीटल २००३ साली मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली.

अडचण येते ती उन्हाळ्यात, चढावर. गाडीचा वेग कमी, इंजिनावर भार पुरेपूर आणि पंख्याने ओढलेला वाराच मुळात ४२ अंशांचा. सिलिंडर हेड दोनशे अंशांच्या पुढे गेलं की ॲल्युमिनियमची ताकद घटू लागते. अशा वेळी फिन्सवर पाण्याचा फवारा मारला तर? जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मनात हा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो वेडगळ मुळीच नाही.

थोडा हिशेब करू. ढोबळमानाने धरा की चढावर बीटलचं इंजिन चाकांना २० किलोवॉट शक्ती देतं आणि जवळजवळ तेवढीच उष्णता फिन्समधून बाहेर टाकतं. साधं एक लिटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २,५५० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या चढावर इंजिनाची पाव उष्णता पाण्याने न्यायची, तर सव्वा लिटर पाणी पुरतं. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीतही याहून जास्त पाणी मावतं! मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हे गणित न मांडताच कळलं होतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप तापून आत पेट्रोलची वाफ धरली की ते त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळत आणि गाडी पुन्हा चालू होई.

मात्र तेवढंच पाणी कुठे मारलं यावर सगळं ठरतं. पहिला मार्ग सुचतो तो पंख्याच्या तोंडाशी बारीक तुषार सोडण्याचा, म्हणजे गार वाराच आत जाईल. नागपूरचा कूलर असाच चालतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो ज्या कारणाने हरतो त्याच कारणाने हा तुषारही किनाऱ्यावर निष्प्रभ ठरेल. पण कोरड्या हवेतही लाभ बेताचाच. वारा दहा अंशांनी गार केला, तर तापलेली फिन आणि वारा यांच्यातला शंभराहून जास्त अंशांचा फरक वाढून वाढतो किती? सात-आठ टक्के. तेच पाणी थेट तापल्या धातूवर उकळलं, तर कागदावर तिप्पट काम करतं. शिवाय तिथे हवेतल्या दमटपणाचा फारसा अडथळा नाही, कारण धातू शंभर अंशांच्या बराच वर असतो.

मग हेडवरच फवारावं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. फवारा सगळीकडे सारखा पडत नाही. एक बाजू झटकन आकसते, दुसरी तशीच तापलेली राहते. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका आणि स्पार्क प्लगचं भोक यांमधली जागा आधीच नाजूक असते आणि तिथे तडे जाण्याचं दुखणं बीटलला जुनंच आहे. सिलिंडर असमान आकसला तर त्याचा गोल बिघडतो. धातू फारच तापला असेल, तर थेंब त्याला टेकतच नाहीत, स्वतःच्याच वाफेवर घरंगळून खाली पडतात. त्यातून डिस्ट्रिब्युटर भिजला, तर गाडी चढावरच बंद पडायची.

पाणी मारायचं तर ऑइल कूलरवर मारावं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णतेचा मोठा वाटा तेलच वाहून नेतं. बाहेर बसवलेल्या जादा ऑइल कूलरमध्ये तेल साधारण शंभर-सव्वाशे अंशांवर असतं. पाणी तिथे धातूला चिकटून नीट उकळतं, पातळ पत्र्याला धक्का बसत नाही आणि आसपास वायरिंगही नसतं. सुबारूची इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशीची लान्सर इव्हो या गाड्यांना कंपनीनेच इंटरकूलरवर पाणी फवारण्याची सोय दिली होती. ट्रकांच्या शर्यतीत ब्रेकवर पाणी फवारतात. दुसऱ्या महायुद्धातल्या थंडरबोल्ट विमानाच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तर पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेत सोडत. त्याने नॉकिंग थांबायचं आणि थोडा वेळ जास्त ताकद काढता यायची. या सगळ्यांत पाणी नेमून दिलेल्या जागी, थोडाच वेळ वापरलेलं दिसतं.

रोजच्या रस्त्यावर बीटल तापत असेल, तर मात्र फवाऱ्याचा विचार आधी बाजूला ठेवावा. फॅन बेल्ट सैल आहे का, फिन्समध्ये तेलकट धूळ बसली आहे का, इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या जागेवर आहेत का, हे पाहावं. पट्टी फाटली की खालचा तापलेला वारा पुन्हा वर ओढला जातो. टायमिंग चुकलं किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तरीही इंजिन तापतं. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याआड बसतो, त्यामुळे तीन नंबरच्या सिलिंडरला आधीच तापलेला वारा मिळतो. १९७१च्या मॉडेलपासून कंपनीने तो कूलर वेगळ्या कप्प्यात हलवला.

एवढं करूनही घाट चढायला फवारा हवाच असेल, तर टाकीत बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार पत्र्यावर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावं, फवारा चढ लागताच सुरू करावा, तेल तापेपर्यंत थांबू नये. आणि माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, कारण त्याच्याबरोबर पंखाही थांबतो. दोन मिनिटं ते तसंच आयडलवर चालू द्यावं.