डॉलरचा भाव गूगलला विचारू नका!

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच चुकीपासून.

आयात मालाचा खर्च काढणारं एक मॉड्यूल मी लिहिलं होतं. डॉलरचा दर बाजारातून, दर मिनिटाला ताजा. मी जाम खूश. मग कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंट काकांचा फोन आला, "अरे, तुझी ड्यूटी आमच्या चलानाशी जुळत नाहीये. बाजारभाव सांगितला कुणी? सरकारी दर लाव!"

सरकारी दर वेगळा का असतो? याचं उत्तर मला अमेरिकेच्या इतिहासात सापडलं.

1789 मध्ये तिथे स्वतःची टांकसाळही नव्हती. माल येणार, इन्व्हॉइस पौंडात नाहीतर गिल्डरमध्ये. किमतीवर टक्केवारीने ड्यूटी लावायची कशी? मग काँग्रेसने कायद्यातच यादी दिली: ब्रिटिश पौंड 4.44 डॉलर, बंगालचा रुपया साडेपंचावन्न सेंट. हो, आपला रुपयाही त्या यादीत होता! आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे आकडे हार्डकोड केलेले. हार्डकोडचा त्रास काय, तर आकडा चुकला की कायदा बदला. डेन्मार्कच्या रिक्सडॉलरचा 100 सेंटचा दर 1791 मध्ये असाच रद्द करावा लागला.

पौंडाचा दर 1842 मध्ये 4.84 झाला. फरक छोटा वाटतो ना? हजार पौंडांच्या मालाची किंमत कागदावर एकदम 400 डॉलरनी वाढली. ड्यूटी 20 टक्के धरली, तर 80 डॉलर जास्त.

1873 मध्ये पद्धतच बदलली. नाण्यात शुद्ध सोनं-चांदी किती, त्यावरून टांकसाळीच्या संचालकाने दरवर्षी किंमत काढायची आणि ट्रेझरीने ती जाहीर करायची. पुढे चांदी घसरत गेली, वर्षभर एकच आकडा टिकेना, म्हणून हे काम तिमाही झालं. आता यादी कायद्याबाहेर आली, म्हणजे कॉन्फिग फाइलच!

पण जाहीर झालेला आकडाच चुकीचा वाटला तर? 1885 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ट्रेझरीने जाहीर केलेली किंमत कस्टम्स अधिकारी आणि आयातदार दोघांनाही बंधनकारक आहे.

मला वाटतं, सगळी गंमत इथेच आहे. प्रत्येक बंदरात, प्रत्येक व्यापाऱ्याशी नाण्याच्या किमतीवरून वाद घालत बसलं तर माल उतरणार कधी? इथे आकडा अचूक असण्यापेक्षा तो सगळ्यांना सारखा असणं महत्त्वाचं. फार बिघडू नये म्हणून एक सोयही आहे: आज अमेरिकेत त्या दिवसाचा दर तिमाही दरापेक्षा 5 टक्के किंवा जास्त हलला, तर त्या दिवसाचा दर धरतात.

आपल्याकडे दर महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा. आणि तारीख? अमेरिकेत माल निर्यात झाला तो दिवस. आपल्याकडे बिल ऑफ एंट्री दाखल झाली तो दिवस.

माझ्या कोडमध्ये आता दराशेजारी तारखेचा कॉलम आहे. काकांचा फोन येतो, पण फक्त दिवाळीला!

भेटू पुढच्या भागात.